अध्यक्षबाईंच्या सह्या

२ सप्टेंबर, मंगळवार

परत पाहुणे! येत्या नऊ तारखेला. निधी देणाऱ्या संस्थेच्या मॅडम आणि एक सल्लागार. साहेबांनी मेल मोठ्याने वाचून दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू समानता माझ्या माहेरची कुणी आहे आणि ती आली की चहापाणी मीच बघायचं.

माझं पद लिंगभाव समन्वयक. अकरा वर्षं झाली. आई अजून शेजारणींना 'पाण्याच्या ऑफिसात आहे' एवढंच सांगते. तिचं बरोबर आहे. समजावून सांगायचं म्हणजे अर्धा तास जातो आणि शेवटी समोरची विचारते, पगार किती?

चौदा वस्त्यांत नळयोजना. प्रत्येक वस्तीची पाणी समिती, प्रत्येक समितीची अध्यक्ष बाईच. मग वर्षाला एक फॉर्म — 'निर्णयात महिलांचा सहभाग', गुण शून्य ते तीन. तीन पडले तर पुढचा टप्पा मंजूर. त्यात टेकडीवरची वस्ती आहे. साठ घरं, तिथल्या बायका अजून डोक्यावरून पाणी वाहतात. म्हणून तीनच हवेत. अडीच चालत नाहीत, विचारून पाहिलं आहे.

३ सप्टेंबर

पाय सुजलेत. आज काही लिहीत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

खालच्या वस्तीत जाऊन आले. पाहुणे तिथेच यायचे आहेत, तेव्हा वह्या नीट करायच्या होत्या. ऑफिसात आम्ही याला 'वह्यांना न्हाऊ-माखू घालणं' म्हणतो. हसायला येतं, पण सगळे करतात.

तिथल्या अध्यक्षबाई पन्नाशीच्या, कपडे शिवून देतात. मशीनवरून उठल्या नाहीत, पायाने मशीन चालूच. म्हणाल्या, "बाई, मी दहा तारखेला लेकीकडे निघते. पहिलं बाळंतपण आहे तिचं. वीसला परत येईन."

झालं! डोक्याला ताप. रोज टाकीत क्लोरीन पावडर टाकायची आणि टाकल्याची सही वहीत करायची. पावडर टाकतात त्यांचे दीर — समितीचे उपाध्यक्ष. पंपाच्या खोलीची चावी त्यांच्या कमरेला, पावडरचा डबा आत. सही मात्र अध्यक्षबाईंची. कारण फॉर्मला बाईची सही लागते.

"मग इतके दिवस भाऊजी करतील सह्या," त्या म्हणाल्या. बोलणं सरळ होतं. पण वहीची प्रत महिनाअखेर निधीवाल्यांकडे जाते, आणि तीत सलग दहा दिवस पुरुषाची सही दिसली की दिलेले गुणही कापतात. शेजारच्या वस्तीचा एक गुण असाच गेला. तिथली अध्यक्ष आजारी होती बिचारी. बाई आजारी पडते, बाळंतपणाला जाते, हे फॉर्म लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि फॉर्म लिहिणारी बाईच होती, मी भेटले आहे तिला.

तर मीच म्हटलं, "आत्ताच करून ठेवा."

"पावडर न टाकताच?"

"टाकतील की तुमचे दीर. ते का तहानलेले राहणार आहेत?"

त्यांनी मशीन थांबवली. पेन माझंच. एका पानावर दहा दिवस असतात. अकरा ते वीस, अख्खं पान भरून दिलं. सावकाश, अक्षर न अक्षर काढत. सही करताना त्यांचं तोंड किंचित उघडं राहतं. मग ते पान मी क्लिप लावून बंद केलं, पाहुण्यांसमोर उघडायला नको.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाहुणे आले, गेले. मॅडम खरंच चांगल्या आहेत. खाली चटईवर बसल्या, गुडघे दुखत होते तरी. त्यांनी अध्यक्षबाईंना विचारलं, या पदामुळे तुमच्या आयुष्यात काय बदललं? भाषांतर माझ्याकडे.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "सह्या फार कराव्या लागतात."

मी सांगितलं, "जबाबदारी वाढली आहे."

मॅडमनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. सल्लागाराने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढला. तीन गुण!! साहेबांनी परतीच्या वाटेवर सगळ्यांना आईस्क्रीम दिलं. खाल्लं मी.

१५ सप्टेंबर, सोमवार

खालच्या वस्तीत पोरं आजारी. जुलाब, उलट्या. सकाळी सहा म्हणत होते, दुपारी अकरा. एका चार वर्षांच्या मुलीला दवाखान्यात नेलंय. दिराने फोनवर सांगितलं, पाण्यात काही दोष नाही. मी न विचारताच सांगितलं.

१६ सप्टेंबर

आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. तरुण, कमी बोलणारा. नळाचं पाणी बाटलीत घेतलं, गोळी टाकली. रंग आला नाही. म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही. पंपाची खोली उघडायला लावली. डब्याचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. मागचा डबा दहा तारखेला संपला होता.

मग त्याने वही मागितली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. क्लिप त्यानेच काढली. आज तारीख सोळा आणि सह्या वीसपर्यंत! त्याने पानाचा फोटो काढला. मग विचारलं, "ह्या बाई कुठे आहेत?" दीर म्हणाला, "गावाला गेलीय लेकीच्या. मला तर वाटलं, सही आहे म्हणजे टाकलीच असेल कुणी पावडर." खोलीची चावी त्याच्या कमरेला वाजत होती आणि त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "बायकांना अध्यक्ष केलं की हेच होणार."

मी तिथेच उभी होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

दवाखान्यातली मुलगी सावरतेय, पाणी राहतंय पोटात. देवा, सुटले एकदाची. मग स्वतःचीच लाज वाटली — सुटले म्हणजे कोण?

साहेबांना सह्यांचं खरं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "सह्या करून ठेवा, असं आपण त्यांना लेखी कळवलं होतं का?" नाही. "मग झालं तर. वही समितीची, सही अध्यक्षांची. आपण फक्त मार्गदर्शन करतो." मग म्हणाले, "टेकडीवरच्या साठ घरांचा विचार करा." तो मी करतेच आहे. सोयीचा पडतोय म्हणून जास्तच करतेय.

आईला सांगितलं. आई चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताप न मोजता आम्हीसुद्धा तक्ते भरलेत. गर्दी असायची, काय करणार? पण नवख्या मुलीला 'भर' म्हणून सांगितलं आणि गडबड झाली, तर मेट्रनपुढे आम्ही जायचो. तिला नाही पाठवायचो."

"तुमची गोष्ट वेगळी होती."

"हो. आम्हाला समानता शिकवायला कुणी नव्हतं ना!"



२० सप्टेंबर, शनिवार

अध्यक्षबाई परतल्या. फोन केला त्यांनी. नात झाली, तीन किलोची. मग म्हणाल्या, "बाई, नळावर बायका मला पाणी भरू देत नाहीत. तोंड फिरवतात. त्या मुलीची आई माझ्या दारात येऊन बसली होती, काही बोलली नाही, नुसती बसली. सोमवारी बैठक आहे. तुम्ही येणार ना?"

येणार म्हटलं. सगळं सांगून टाकणार. ठरलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं नाही.

शाळेच्या वर्गात बैठक होती. साहेबही आले होते, ते नेमके माझ्या शेजारी बसले. बाकं लहान, गुडघे पोटाशी. दिराने सगळ्यांसमोर वही उघडून दाखवली, बोट ठेवून, एकेक तारीख. "बघा. वहिनींची सही. मी काय करणार?" अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ. वाट बघत होत्या.

आणि मी काय करत होते? हजेरी मोजत होते. महिला एक्केचाळीस, पुरुष तेवीस. लिहून काढलं, टक्केवारीसुद्धा काढली. हात आपोआप चालत होता. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

त्यांनी किती वेळ वाट पाहिली माहीत नाही. मग नजर काढून घेतली आणि म्हणाल्या, "सही माझी आहे. मी केली. न बघता केली, ती माझी चूक. पोरं माझ्यामुळे आजारी पडली असतील तर शिव्या द्या, खाईन." त्या मुलीची आई मागच्या बाकावर रडत होती. "पण सही माझी, तर आजपासून चावीही माझी. मी नसेन तेव्हा कुणाकडे द्यायची तेही मीच ठरवीन. द्या इकडे, भाऊजी."

दीर हसला. "तुम्हाला मशीनचं काय कळतं, वहिनी?"

"शिवणाचं मशीन कोण दुरुस्त करतं घरात?"

मागून एक बाई ओरडली, "द्या ना हो चावी!" मग दुसरी. मग त्या मुलीची आई उठून उभी राहिली. चावी टेबलावर पडली. अकरा वर्षांत मी घेतलेल्या कुठल्याच प्रशिक्षणात असं घडलेलं पाहिलं नाही. आणि यात माझा हात शून्य. शून्याहून खाली.

२३ सप्टेंबर

साहेब खूश! म्हणे, यावर यशोगाथा लिहा, फोटोसकट. 'संकटातून नेतृत्व.' मथळाही त्यांनीच सुचवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आरोग्य खात्याने समितीचे आणि आमचे लेखी जबाब मागवलेत. दंड झाला तर समितीच्या अध्यक्षाला, आणि पुढची पाच वर्षं कुठल्याही समितीवर घेणार नाहीत. म्हणजे चावीही जाणार.

माझा जबाब तीनदा लिहिला. पहिल्यात सगळं खरं. दुसऱ्यात 'संवादातील त्रुटी'. तिसऱ्यात तर वाक्यांना कर्ताच उरला नाही, सह्या जणू आपल्या आपणच झाल्या. अशी वाक्यं लिहायचा मला पगार मिळतो, म्हणून इतकी छान जमतात. पहिला कागद पाकिटात घातला. पाकीट पर्समध्ये. सोमवारी देईन.

२९ सप्टेंबर, सोमवार

दिलं नाही. बैठका होत्या. खरं म्हणजे एकच होती.

३० सप्टेंबर, मंगळवार

अध्यक्षबाईंच्या जबाबाची प्रत ऑफिसात आली. एकट्याच आरोग्य खात्यात जाऊन देऊन आल्या काल. त्यांच्याच अक्षरात, चार ओळी — 'सह्या मी आधी केल्या. ऑफिसच्या बाईंनी सांगितलं म्हणून. त्या स्वभावाने चांगल्या आहेत. पण सांगितलं त्यांनीच.'

साहेब म्हणाले, "हे खोटं आहे, एवढं लिहून द्या. बाकी मी बघतो."

नाही म्हटलं.