नऊ प्रश्नांचा कागद

उदगीर, सोमवार

प्रिय साक्षी,

पत्र बघून घाबरू नकोस. तुझ्या बाबांचं गुडघ्याचं दुखणं आणि माझ्यावर डाफरणं, दोन्ही नेहमीसारखं चालू आहे. शेजारचे संगमेश्वर उद्या नांदेडला येताहेत, त्यांच्या हाती शेंगांची चटणी आणि हे पत्र देते. फोनवर मला खरं बोलता येत नाही, तू लगेच रडवेली होतेस.

वर्षाराणी डेंग्यूने गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून एक गुरुवार आड मी एसटीने लातूरला त्या समुपदेशक मनतशाकडे बोलायला जाते, ते तूच लावून दिलंस. बाबांना अजून पटलेलं नाही. परवाही म्हणाले, "तीन वर्षं झाली बोलून राहिलीस, काय फरक पडला सांग की." मनतशाकडे तासभर मी तुझ्या बहिणीचं बोलते. ती चहात पोळी बुडवून उभ्याउभ्याच खायची, कंगवा कधी जागेवर ठेवायची नाही, असलंच काहीबाही. आपल्या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. तिथे घेता येतं.

मनतशा तुझ्याच वयाची. निघताना ती दर वेळी एक कागद पुढे करते. नऊ प्रश्न: झोप लागते का, जेवण जातं का, आणि सगळ्यात शेवटी, जगणं नकोसं वाटतं का. जितका त्रास जास्त तितका मोठा आकडा, शून्य ते तीन. पहिल्या वर्षी मी खरं लिहिलं. पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. मग कळलं, बोलण्याने माणसं सुधारतात की नाही हे तिचे साहेब या कागदांवरूनच ठरवतात. बिचारी किती जीव लावून ऐकते, आणि माझ्यामुळे तिलाच बोलणी? मी तीनचे दोन केले, मग एक. शाळेत तीस वर्षं काठावरच्या पोरांना असेच चार मार्क जास्त देत आले, हात सरावलेला. दिवाळीआधी सगळीकडे शून्य लिहिलं. ती इतकी हसली की मलाही बरं वाटलं. बसस्टँडपर्यंत वाटत होतं.

आता साहेब म्हणतात, नीलाबाई बऱ्या झाल्या, बंद करा. येता गुरुवार शेवटचा. मनतशाने पेढा दिला, मी खाल्ला.

बंद करण्याआधी घरच्या माणसाकडूनही तोच कागद भरून घेतात. तो तुझ्या मोबाइलवर आला. काल तू फोनवर म्हणालीस, आई, मी सगळीकडे शून्य टाकून पाठवलं, आणि मी म्हणाले, बरं केलंस. साक्षी, तुझा दोष नाही गं. मीच तीन वर्षं तुला मजेत आहे म्हणून सांगत आले. पण त्या शेवटच्या प्रश्नाला माझा आकडा अजून तीनच आहे. एवढ्या शून्यांनंतर मनतशाला कोणत्या तोंडाने सांगू? तू फोन कर तिला. गुरुवारच्या आत कर. आई बरी नाही, एवढंच सांग.

तुझीच,
आई