आमच्या अर्पिताचा पियानो गुडीहत्नुरात

गुडीहत्नूर

तीर्थरूप प्रयागआक्कास, धाकट्या मारोतीचा सप्रेम जयभीम. गुडघे आता कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही खुशाल. नुसते खुशाल नाही, अभिमानानं छाती एवढी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या लागत नाहीत.

तुझ्या भाचीनं गावात पियानो वाजवला! (परदेशात वाजवला, हैदराबादेत ती पियानो शिकवते, पण इथं कोणी ऐकलं होतं? मला तर लोक विचारत, "गुरुजी, पोरगी बँडात हाय म्हणे?") पियानो ट्रकनं आला आणि फंक्शन हॉलच्या दारातच अडला. तिरपा केला, उभा केला, दार काही ऐकेना. शेवटी समोरच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये, सरकीच्या वासात मांडला. अख्खं गाव आलं.

अर्पितानं वाजवलं, वाजवलं, आणि हात मांडीवर ठेवले. झालं, असं समजून मी (घरात संगीताचा जाणकार मीच) उठलो आणि आभाराचं भाषण सुरू केलं. सरपंचांनी हार घातला, लोक जेवणाकडे निघाले. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बाबा, बसा ना. तीन भाग असतात. हा पहिला झाला."

सगळे परत बसले. दुसरा भाग अगदी हळू होता, आक्का. एवढं मोठं वाद्य, आणि आवाज जणू कोणी पोराला थोपटून राह्यलं. शेडमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. शेजारच्या देवकाबाईनं मला कोपरानं ढोसलं, "काऊन रडून राह्यले गुरुजी?" मी म्हटलं, "सरकीची धूळ गेली डोळ्यात." तीही पदरानं धूळच पुसत होती.

तिसरा भाग संपला तर टाळी नाही! एकदा फसलेले लोक, सगळे माझ्याकडे पाहून राह्यले. मी हललो नाही. अर्पिता उठून वाकली, तेव्हा कुठं टाळ्या पडल्या, आणि त्या अशा की वरचे पत्रे वाजले. माझी लेक आहे ती, आक्का!

तुझा,
मारोती

ता. क. सुट्टीभर अर्पिता इथं पोरांना शिकवते. मीही बसतो. पोरं दोन्ही हातांवर गेली, मला अजून एका करंगळीवरच ठेवलं आहे. तुझा शब्द ती मोडत नाही. फोन करून सांग, बापाला निदान अख्खा हात तरी द्यावा.

आणखी एक. मी लिहिलं म्हणून फोन केला, असं कळू देऊ नको. बाई फार कडक आहेत. (वर्गात मीही तिला बाईच म्हणतो.)