डावे हात

प्रिय बाबा,

शाळा राहिली! आपली शाळा राहिली, बाबा! आज दुपारी ऑफिसात आदेश निघाला, सहीचा कागद मी माह्या डोळ्यांनी पाहिला अन् तशीच स्कूटी काढून घरी आली. सदर बाजारात नेहमीसारखी गाड्यांची गर्दी, मागचा हॉर्न वाजवून राहिला, अन् मी हेल्मेटमधी एकटीच हसून राहिली.

आई म्हणते, "अवं, फोटोसमोर उभी राहून सांग न! कागद काहून खराब करून राहिली?" पण तोंडी सांगितलेलं तुम्ही कधी ऐकलं होतं का? शाळेत पोट्ट्यायले सुट्टी पाहिजे, तर "लिखित में दो." घरी मले सहलीले जायचं, तरी "लिखित में दो." घ्या मंग, लिहून देऊन राहिली. अन् यात एक गोष्ट अशी आहे, जी तुम्ही होते तोवर सांगायची मले हिंमत झाली नाही.

तुमच्या वेळी तपासणीले साहेब भोपाळहून यायचे. आठ दिवस आधी खबर लागायची, भिंतीले चुना लागायचा, अन् तुम्ही धोब्याकडून शर्ट कडक करून आणायचे. आता छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूरच राजधानी! ऑफिस इथंच, जीप पंधरा मिनिटात पाऱ्यात, आपल्या मोहल्ल्यात. शाळांच्या मूल्यांकनाचं काम मले भेटलं, तेव्हा तुम्ही साऱ्या गल्लीले पेढे वाटले होते. तर गेल्या महिन्यात यादी आली, अन् यादीत आपली शाळा! मी सरळ साहेबांकडे गेली. म्हटलं, ही माह्या बाबाची शाळा, ते तिथं हेडमास्तर होते, मी शिकली पण तिथंच, दुसऱ्या कोणाले पाठवा. साहेब म्हणाले, "तो क्या हुआ? मास्टर साहब तो अब रहे नहीं." झालं! असं म्हणून मोकळे.

यादीत खाली लिहून होतं, श्रेणी कमी आली तर नववी-दहावी उचलून रेल्वे लाइनीपलीकडच्या शाळेत टाकायची. तो पारा तुम्हाले काय मी सांगू? पोट्टे गेले असते सायकलीनं. पण पोट्ट्या? ज्यांच्या आया पहाटेच दुसऱ्यांच्या घरी भांडे घासायले निघतात, त्या पोट्ट्यायले लाइनीपलीकडे कोण पोचवून देणार होतं? आठवीतच शाळा संपली असती त्यांची.

माह्या सोबत मिश्रा सर होते, ऑफिसातले, चांगला माणूस. दाराशी वर्मा सर उभे. आठवते न? तुमच्या हाताखाली नवीन लागले होते अन् रोज तुमच्या डब्यातलं लोणचं खायचे. आता तेच हेडमास्तर आहेत. मले पाहून बिचाऱ्यांचे डोळे भरून आले. "बेटी, अब सब तुम्हारे हाथ में है," म्हणाले.

आम्ही नववीत गेलो. मिश्रा सरांनी फळ्यावरचं एक गणित विचारलं अन् झटकन साऱ्या वर्गाचे हात वर! एकही हात खाली नाही. मिश्रा सर खूश, "वाह मैडम, सौ में सौ!" पण मी हात नीट पाहिले. काही हात उजवे होते. अन् बाकीचे डावे.

बाप्पा! तुमची युक्ती! तुम्ही गेले, साहेब बदलले, राज्य बदललं, अन् तुमची युक्ती तिथंच! ज्याले येते त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याले नाही येत त्यानं डावा. साहेबाले दिसते का सारा वर्ग हुशार आहे, अन् मास्तर नाव घेते फक्त उजव्या हातवाल्याचं. मले तिथं हसूही आलं अन् रडूही आलं. तुम्ही म्हणायचे, "साहेबासमोर कोणाची फजिती नको. गरिबाचं पोट्टं एकदा लाजलं का पुन्हा शाळेत येत नाही." खरं होतं ते. पण बाबा, डाव्या हातवाल्यायले मंग तुम्ही विचारलं कधी? तपासणी झाल्यावर, साहेब गेल्यावर, एकदा तरी?

मले काहून डावा दिला होता तुम्ही?

आता सांगते ती गोष्ट. मी पण नववीत, तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही वर्गात सराव घेतला. जगदीश उजवा, हा उजवा, तो उजवा, अन् शेवटच्या बाकावर माह्यापाशी आले तर माह्याकडे न पाहताच म्हणाले, "तू डावा." सहामाहीत गणितात मी कच्ची निघाली होती, मान्य. पण त्याच्यानंतर दोन महिने आईच्या शिलाई मशीनीपाशी बसून मी एकेक गणित सोडवलं होतं. तुम्हाले दाखवलं नाही, कारण मी रुसली होती. मले वाटे, तुम्ही स्वतःहून विचारावं. घरच्या मास्तरनं एवढं तरी विचारावं का नाही?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं. एका आयताकार मैदानाची लांबी रुंदीच्या दुप्पट, घेरा छयानब्बे, म्हणजे शहाण्णव मीटर, तर रुंदी किती? सारे हात वर. तुम्ही जगदीशले उठवलं. तो म्हणाला, "बत्तीस." साहेबांनी दुसऱ्या उजव्याले उठवलं, तो नुसताच उभा राहिला. तुमचं तोंड पांढरं पडलं. साहेबांनी वहीत शेरा लिहिला, 'गणित कमज़ोर'. तुमच्या विषयात! तो शेरा तुमच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, मले माहीत आहे. घरी आले अन् चहा समोर तसाच थंड होऊ दिला.

मले उत्तर येत होतं, बाबा.

डावा हात वर करून मी बसून होती, अन् मले येत होतं. मी हात बदलू शकली असती. नाही बदलला. मनात म्हटलं, बरं झालं! घ्या, आता दुसऱ्यायलेच विचारा! चौदा वर्षांच्या पोट्टीचा राग तो, पण मी तो तुमच्यावर काढला, अन् मंग तुमचं तोंड पाहून इतकी भ्याली का सांगूच शकली नाही. तुमच्या दवाखान्यातल्या त्या शेवटल्या दिवसांत दोनदा ओठावर आलं. दोनदा तुम्ही म्हणाले, "काय गं?" अन् मी म्हटलं, "काही नाही."

तर आता समजा, त्या नववीत मी उभी, समोर ते डावे हात. चूप बसली तर शाळेले सौ में सौ, अन् त्या डाव्या हातवाल्यायले कोणी कधीच विचारणार नाही. बोलली तर शाळाच जायची! मी मिश्रा सरांना म्हटलं, "सर, या वर्गाचे गुण तुम्हीच द्या, मी देणार नाही. पण प्रश्न मी विचारते." अन् वर्गाले म्हटलं, "दाएँ हाथ नीचे. अब सिर्फ़ बाएँ हाथ वाले."

पोट्टे एकमेकांकडे पाहून राहिले, का या बाईले कसं माहीत?

मी तेच गणित घातलं. तेच मैदान, तोच घेरा. शेवटच्या बाकावर फुलेश्वरी नावाची एक पोट्टी, डावा हात अर्धा खाली गेलेला. तिले उठवलं. ती म्हणे, "नई आवय, दीदी."

म्हटलं, "कहाँ तक आथे?"

तिनं जरा विचार केला. "चित्र तक."

चित्र तक! ऐकलं, बाबा? आपल्याले कुठपर्यंत येते, हे त्या पोट्टीले पक्कं माहीत होतं! ऑफिसातल्या किती जणांले ते माहीत आहे? म्हटलं, "त चित्र बना." ती आली, फळ्यावर आयत काढला. रुंदीवर एक लिहिलं, लांबीवर दोन. पुन्हा एक, पुन्हा दोन. बोट फिरवत मोजलं अन् पुटपुटली, "छै भाग." अन् थांबली. भागाकार अडला. मी काही बोलली नाही, नुसती थांबली. लय कठीण असते हो थांबणं! मिश्रा सर पण थांबले. तेवढ्यात दुसरा एक डावा हात वर झाला, खरा वर झाला, अन् त्या हातवाल्या पोट्टीनं येऊन भागाकार करून दिला. एकदा चुकला, पुसला, पुन्हा केला. उत्तर आलं तसा सारा वर्ग टाळ्या वाजवू लागला, उजवे अन् डावे सारेच!

बाहेर आल्यावर मिश्रा सर म्हणाले, "ये हाथों का क्या चक्कर था, मैडम?" मी सारं सांगितलं, तुमचं नाव घेऊन सांगितलं. चष्मा काढून हसले ते. मंग अहवालात त्यांनी खरं ते लिहिलं. भागाकार कच्चा आहे, गणिताच्या मास्तरची जागा रिकामी आहे, ती भरा. पण पोरं विचार करतात, अडलं तर कुठं अडलं ते सांगतात. नववी-दहावी इथंच राहू द्यावी. अन् आज आदेश आला, राहिली! वर्मा सरांना फोन केला तर ते नुसते "हव, बेटी, हव" म्हणत राहिले.

आईनं तुमच्या फोटोसमोर गोल बाजारातले पेढे ठेवले आहेत. मी एक उचलून खाल्ला, रागावू नका.

आता वचन देते, अन् हेही लिखित में. नवा मास्तर येईपर्यंत दर शनिवारी, ऑफिसले सांगून, मी त्या नववीले गणित शिकवीन. तिथं कोणाचा हात कोणता, हे कोणीच ठरवून देणार नाही, अन् मी पहिले शेवटच्या बाकाले विचारीन. तुमच्यावरचा राग तर कवाच गेला, बाबा. फक्त एक उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

उजवा हात वर करून सांगते. सोळा मीटर.

जय भीम, बाबा.

तुमची,
शेवटच्या बाकावरची सुमी