पाडव्याची साडी

॥ श्री ॥
चिंचणी, जि. सातारा
१२ नोव्हेंबर १९७९

चि. शशिकांत यास,
तुझ्या आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र भाऊबीज उलटून गेल्यावर पोचलं. यंदाही चंद्रालाच ओवाळलं. चंद्र तुझ्यापेक्षा बरा, तिसरी करंजी मागत नाही. प्रतिमाच्या कमरेचं कसं आहे? आणि मुलं आत्याशी मराठीत बोलतील असं काही होणार आहे, की ती आता कायमची पंजाबी झाली? सुमेधाला बारावं लागलं. उंची बापाची आणि जीभ माझी घेतलीय, तेव्हा सासरी तिचं कसं होणार ते देव जाणे.

आता मुख्य गोष्ट. गावच्या शाळेला ह्यांचं नाव द्यायचं ठरलंय. सव्वीस जानेवारीला ह्यांच्या फोटोवरचा पडदा मी सारायचा, हार घालायचा आणि दोन शब्द बोलायचे. हेडमास्तर दोनदा घरी येऊन गेले. सासूबाई हरखून गेल्यात. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि का म्हटलं नाही ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात हे पंजाबच्या सरहद्दीवर लढाईत गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात पलटणीतून ह्यांची ट्रंक आली. सासूबाई देवळात गेल्या होत्या, म्हणून मी एकटीनेच उघडली. गणवेश, दाढीचं सामान, सुमेधाचा फोटो, आणि तळाशी एक मोरपंखी साडी. कोरी असती तर मी ती उराशी धरली असती. पण ती नेसलेली होती रे. निऱ्यांच्या चुण्या तशाच, खांद्यावर पावडर, पदराला कुंकू. काठाच्या जरीत लांब काळे केस अडकलेले, चांगले जाड आणि राठ. पंजाबी बायकांचे असे असतात की काय, कोण जाणे. शेवटचा जो फोटो त्यांनी पाठवला होता त्यात मिशी काढलेली होती. लग्नात मिशीला तूप लावून बसलेला माणूस तो. मिशी कुणासाठी काढली असेल, तेही मला त्या दुपारी समजलं.

सासूबाई यायच्या आत मी साडी बाजूला काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक वीरपत्नी म्हणतात तेव्हा मी मान खाली घालते, त्यांना वाटतं दुःखाने.

चंडीमंदिरच्या छावणीत मराठा पलटणीतली माणसं असतात असं तू मागे लिहिलं होतंस. ह्यांच्याबरोबर असलेलं कुणी भेटलं तर विचार. ती कोण होती, एवढंच मला हवंय. भांडायला जाणार नाही. पण खोट्या तोंडाने त्या फोटोपुढे उभं राहणं माझ्याने व्हायचं नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
सेक्टर २२, चंदीगड
२६ नोव्हेंबर १९७९

ती. आक्कास,
शशिकांतचा पायांवर डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि फायली तशाच टाकून सुखना तळ्यावर जाऊन बसलो. आठ वर्षं तू हे एकटीने पोटात ठेवलंस. आम्ही दर उन्हाळ्यात येतो, तुझ्या हातचं जेवून, वर तुझ्याच आमटीला नावं ठेवून परत येतो, आणि मला पत्ता नाही. मला फार वाईट वाटलं.

प्रतिमाला पत्र दाखवलं. रागावू नकोस, तिला न दाखवता मी साधा रुमालही विकत घेत नाही. ती ठामपणे म्हणाली की दाजींच्या बाबतीत असं होणंच शक्य नाही. मी म्हणालो की घरापासून लांब राहणाऱ्या पुरुषाचं काही सांगता येत नाही, तर दाजी राहिले बाजूला, ती माझ्याकडेच रोखून बघायला लागली.

एक धागा आहे. यंदा दिवाळीला आमच्या महाराष्ट्र मंडळात माजी फौजींना बोलावलं होतं. लढाईच्या काळात सणासुदीला जवानांसाठी जे खेळ व्हायचे, त्यांच्या आठवणी त्यांनी सांगायच्या, असा कार्यक्रम. एक म्हातारे हवालदार बासष्टचं सांगत होते. त्यांच्यापर्यंत कुणी कलावंत पोचलाच नाही, पोचला तो एक ग्रामोफोन आणि एकच तबकडी. ती त्यांनी इतक्या वेळा लावली की शेवटी गाणं कमी आणि खरखर जास्त ऐकू यायची, तरी पोरं भोवती बसून राहायची. त्यांतली निम्मी परत आली नाहीत. दुसऱ्या एकाने पासष्टचं सांगितलं. मुंबईहून आलेली गायिका ट्रकवर उभी राहून गायली, पण हा इतका मागे होता की त्याला फक्त तिचा बांगड्या भरलेला हात दिसला. त्या हाताचं वर्णन तो अर्धा तास करत होता आणि आम्ही हसत होतो.

त्यात सुभेदार रघुवीर माने म्हणून एक होते, दाजींच्याच पलटणीतले. आता निवृत्त होऊन पंचकुल्यात राहतात. एकाहत्तरच्या दिवाळीबद्दल त्यांना विचारलं तेव्हा ते हसले आणि त्या खेळाबद्दल बोलायचं नाही असा कुणाला तरी शब्द दिलाय, असं सांगून खाली बसले. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता तेच राहून राहून आठवतं.

येत्या रविवारी त्यांच्याकडे जातो. गेलेल्या मित्राबद्दल असलं कसं विचारायचं, ते अजून सुचलेलं नाही. पण जे कळेल ते, बरं असो की वाईट, जसंच्या तसं लिहीन. तुझ्यापासून काही लपवलं की तू कान धरतेस, ती भीती चाळिशीतही गेलेली नाही.

थंडी पडली आहे. जिवाला जप आणि आमच्यावर नजर असू दे.

तुझा,
शशी

॥ श्री ॥
सेक्टर २२, चंदीगड
३ डिसेंबर १९७९

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी एकच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तू बसून वाचशील. कुणी बाई नव्हती. ती साडी दाजींनीच नेसली होती.

काल सुभेदारांकडे गेलो. मी तुझा भाऊ म्हटल्यावर त्यांनी मला दारातच मिठी मारली. चहा झाला, पराठे झाले, तरी माझं तोंड उघडेना. शेवटी ट्रंकेतल्या साडीचं नाव काढलं आणि तुला काय वाटत आलंय तेही एका दमात सांगून टाकलं.  ते म्हणाले की ज्याला शब्द दिला तो गेला, आणि शब्द पाळून मी त्याच्याच घराला आग लावली. मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्या वर्षी दिवाळीत रजा बंद होत्या. पलटण फिरोजपूरच्या पुढे, कालव्याच्या काठाला मोर्चे खणून बसलेली. लढाई पेटली नव्हती, पण आज पेटेल की उद्या, असं चाललेलं. पाडव्याला मुंबईचं कलापथक येणार असं वरून कळलं होतं. पोरांनी बोरीच्या फांद्यांची कमान उभारली. रात्री दिवा लावायची बंदी, म्हणून खेळ दिवसाच, झाडांवर जाळ्या टाकून त्यांच्या खाली. आणि सकाळी निरोप आला की बिगरफौजी माणसांना एवढं पुढे सोडता येत नाही, पथक मागूनच परत गेलं. सुभेदार म्हणाले की लढाईच्या धास्तीने न खचलेली पोरं त्या निरोपाने खचली. मग साहेब म्हणाले, तुमचा तुम्हीच करा.

शेजारच्या शीख पलटणीच्या गुरुद्वाऱ्यातून ढोलकी आली. गौळण करायची ठरलं, पण बाईचा वेश कुठून आणायचा? तेव्हा कुणाला तरी आठवलं की बाळकृष्णने बायकोसाठी फिरोजपूरच्या बाजारातून साडी आणून ठेवली आहे. आक्का, ती तुझ्या पाडव्याच्या ओवाळणीची साडी होती. साताऱ्याकडचाच एक गोरा, सडपातळ शिपाई होता, त्याला नेसवायची असं सगळ्यांनी ठरवलं. दाजी ट्रंकेवर बसून राहिले. म्हणाले की रत्नाची साडी दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागलेली मला चालायची नाही. सगळे फार मागे लागले तेव्हा उठले आणि म्हणाले, मग मीच नेसतो.

मिशी तिथेच उतरवली. पावडर मेजरसाहेबांच्या डब्यातली, कुंकू पलटणीच्या देवळातलं. आणि ज्या केसांनी तुला आठ वर्षं छळलं, ते खेचराच्या शेपटीचे होते. सामान वाहायची खेचरं होती, त्यांतल्या एकाची शेपटी कापून गंगावन केलं. पंजाबी बायकांना तू उगीच बोल लावलास.

सुभेदार सांगतात, दाजी असे नाचले की पोरं मोर्चे विसरली. शिखांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी तीच गौळण तीनदा करायला लावली. दाजींनी पदर एकदाही घसरू दिला नाही. खेळ संपल्यावर साडी स्वतः घडी करून ठेवली आणि म्हणाले की यंदाचा पाडवा उशिरा, रजा मिळाली की.

घरी का लिहिलं नाही, तेही सांगतो. लहानपणी दाजी जत्रेत असेच गौळण होऊन नाचले होते, तेव्हा त्यांच्या वडिलांनी घराण्यात नाच्या निपजला म्हणून चाबकाने मारलं होतं. वडील एकाहत्तरात हयात होते. घरी कळायला नको म्हणून त्यांनी प्रत्येकाकडून शब्द घेतला. पण तुला रजेवर आल्यावर सांगणार होते. साडीही तेव्हाच द्यायची होती.

ट्रंक सुभेदारांनीच भरली. मोर्च्यावर साडी धुता आली नाही, नुसती झटकली. नवऱ्याने आणलेली साडी बायकोला बरोबर समजेल, एवढंच त्यांना वाटलं. मला बसवर सोडायला आले तेव्हा बस सुटेपर्यंत हात जोडून उभे होते.

ती साडी आता सुमेधासाठी जपून ठेव. तिला सांग कुणाची आहे ते. प्रतिमा विचारत होती, तुझ्याकडे यायला निघू का म्हणून. तू हो म्हण, मी उद्या गाडीत बसवतो.

तुझा,
शशी

॥ श्री ॥
चिंचणी
१५ डिसेंबर १९७९

चि. शशिकांत यास,
आशीर्वाद. वि. वि.

प्रतिमाला पाठवू नकोस. तिच्या कमरेला एवढा प्रवास झेपायचा नाही.

साडी नाही रे शशी. ट्रंक आली त्याच आठवड्यात बोहारीण दारावर आली. मी आत गेले आणि साडी आणून तिच्यापुढे टाकली. तिने काठ उलटसुलट करून पाहिला आणि स्टीलचं मोठं पातेलं काढून दिलं. मी म्हटलं एवढ्यावर नाही जमायचं, आणखी एक वाटी दे. तिने तीही दिली. ज्या आमटीला तू नावं ठेवतोस ती त्याच पातेल्यात शिजते. ह्यांनी जी साडी दुसऱ्याच्या अंगाला लागू दिली नाही, ती मी वाटीसाठी घासाघीस करून कुणाच्याही हवाली केली.

मला ह्यांचाही राग येतो. वडिलांना भ्यायचं ते भ्यावं, मला तर एक ओळ लिहायची होती. मी कुणाला सांगितलं नसतं. मी हसले असते रे, पोट धरून हसले असते. आता कुणाला बोलणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सासूबाईंना नाचाचं सगळं वाचून दाखवलं. माझ्या मनात काय होतं ते मात्र वगळलं. त्या म्हणाल्या की त्या दिवशी उठलेले वळ मी हळद लावून शेकत होते आणि हा पालथा पडून तेच गाणं गुणगुणत होता. मग त्यांनी मला ती गौळण म्हणून दाखवली. अर्धे शब्द त्या विसरल्यात. मी चुलीपुढे बसून ऐकली.

हेडमास्तरांना हो कळवलंय. सुभेदारांना माझा नमस्कार सांग. त्यांची काही चूक नाही असंही सांग. इथे कुणाचीच चूक नाही, आणि त्याचाच मला फार त्रास होतो.

आठवण काढतोस, काढत राहा.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
चिंचणी
२८ जानेवारी १९८०

चि. शशिकांत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा समारंभ झाला. मांडव घातला होता, तालुक्याचे साहेब आले होते. भाषणांतून ह्यांनी एकट्याने इतके शत्रू मारले की ह्यांनाही ते ऐकून लाज वाटली असती. सुमेधाने नऊवारी नेसायचा हट्ट धरला आणि तीनदा अडखळली.

मी पडदा सारला, हार घातला. मग मास्तरांनी दोन शब्द बोला म्हटलं. शौर्याचं काही बोलता येईना, ते मी पाहिलेलं नाही. म्हणून ह्यांनी पाडव्याला माझी साडी नेसून गौळण केली, ते सांगितलं. लढाईच्या तोंडावर दीडदोनशे माणसांना ह्यांनी तासभर हसवलं, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं ते शेवटचं हसणं ठरलं, हेही सांगितलं.  पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बायकांच्या बाजूने कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसायला लागले. मीही हसले. सासूबाई पहिल्या रांगेत बसून अभिमानाने चहूकडे बघत होत्या.

घरी आले, लुगडं बदललं, भाकरीला बसले आणि पीठ मळता मळता मला रडू फुटलं. थांबेचना. सुमेधा घाबरली, शेजारच्या बायका जमल्या. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं की तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आठ वर्षं झाली, आज काय झालं.

मी त्यांना म्हटलं, ते गेल्याचं मला आज कळलं.

तुम्ही सगळे उन्हाळ्यात लवकर या. जीव लावता तसाच लावत राहा.

तुझी,
आक्का