वणीच्या चौकातला तुझा फोटो

आई, फोटो मीच दिला होता. आधी एवढं ऐकून घे, मग आठ्या घाल कपाळाला. वणीत ज्या न्यूट्रिशन क्लबात मी सकाळी शेक बनवायचं काम करत होते, तिथल्या सरांना बोलता बोलता कळलं, की तू यवतमाळला दवाखान्यात आहारतज्ज्ञ होतीस, खरी, शिकलेली. पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. डावीकडे प्रोटीन पावडरचा डबा, उजवीकडे पांढऱ्या कोटातली तू, आणि खाली ‘आहारतज्ज्ञांच्या घराण्याचा विश्वास’. घराणं म्हणजे मी. कॉलेजात जेमतेम टिकले, मग ढाणकीत मोबाइलच्या दुकानात, मग लग्नांमध्ये वाढपी बायांच्या टोळीसोबत गावोगाव, मग इथं. का दिला म्हणून विचारशील. तू गेल्यावर मला तू पाहायची होतीस, मोठ्ठी, येता-जाता. कोळशाचे ट्रक तुझ्यासमोर ब्रेक मारायचे, मला बरं वाटायचं. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही.

तू मानलं असतंस. तू तर दिवाळीत आलेला मिक्सरही परत करणारी. आठवतं? पावडरच्या कंपनीचा माणूस तू ड्यूटीवर असताना घरी खोकं ठेवून गेला, मिक्सर आणि वर चॉकलेट पावडरचा डबा. तू आलीस तेव्हा मी ओट्यावर बसून चमच्यानं पावडर खात होते. चप्पलही न काढता तू माझ्या हातातला चमचा घेतलास.

“कोणं खोललं?”

“मी. चॉकलेटची आहे, तू पण खाय.”

“उद्या मी एखाद्या बाईले हा डबा लिहून देईन, तवा मले तिचं पोट आठवलं पाहिजे. हा मिक्सर नाही.”

मेडिकलमधून तसाच डबा विकत आणून तू सगळं खोकं परत केलंस, आणि आपण पाट्यावर चटणी वाटत राहिलो. मी तेव्हा चिडले होते, अजून चिडलेली आहे. मिक्सर ठेवला असतास तरी तुझा हात लिहिताना हलला नसता. तुझा स्वतःवर एवढाही भरवसा नव्हता का? हे भांडण राहून गेलं, म्हणून इथं करून राह्यले.

पण फ्लेक्सचं सांगत होते. परवा सकाळी एक चाचा आले, ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवणारे मिस्त्री. पायांना सूज, हातात पिशवी. फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्या मॅडमनं माह्या बायकोले वाटी आणायले लावली होती.” मला हसूच आलं. तुझी ती वाटी! लोक सांगायचे एक वाटी भात खातो, आणि प्रत्येकाची वाटी वेगळी, म्हणून तू घरची वाटी घेऊन यायला सांगायचीस. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची ती बाई आठवते, जी वाटीऐवजी भलीमोठी थाळी डोक्यावर घेऊन आली? “आमी समदे एकाच थाळीत जेवतो बाई, माही वाटी कोणती दाखवू?” तू इतकी हसलीस, स्वतःलाच. त्या दिवसापासून वाटीच्या जोडीला तू दुसरंही विचारायला लागलीस, “काल काय काय खाल्लं? कोणासंग खाल्लं?”

चाचांनी पिशवीतून किडनीचा रिपोर्ट काढला. डॉक्टरांनी जपून खायला सांगितलंय, प्रोटीन कमी करायला सांगितलंय, तर ही पावडर चालेल का, असं त्यांचं विचारणं. सरांनी रिपोर्टकडे न पाहताच डबा पुढं केला. “चालते चाचा, सगळं नॅचरल आहे. याच्यानं ताकद येते.”

मी म्हटलं, “चाचा, हा डबा खोलू नका. आधी तुमच्या डॉक्टरांले दाखवा.”

सर हसत मला बाजूला घेऊन गेले. “ताई, आपण औषध देतो का? आपण खाणं देतो. खाण्यानं कोणाचं काय बिघडते?”

“त्यायचं खाण्यानंच बिघडून राह्यलं सर.”

“तुमच्या आईचा फोटो काय शोभेले लावला का मंग?”

हे तेवढं चाचांनी ऐकलं. म्हणाले, “बेटा, मी तं फोटू पाहूनच आलो. मॅडम हाय म्हणजे खोटं नसंन.”

मग मी कोणाला विचारलं नाही. स्टूल घेतलं, खांबावर चढले आणि दोऱ्या कापल्या. फ्लेक्स कोसळून पानठेल्यावर पडला. पानवाला म्हणाला, “काहून वो ताई, मॅडम रिटायर झाल्या का?” सर म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी येणार नव्हतेच. तुला वाटेल पोरगी सुधारली, माझ्या वळणावर गेली. तसं काही नाही. मी तुझ्यासारखी होणार नाही, कोट घालणार नाही, पुन्हा कॉलेजात जाणार नाही. फोटो लावायचा हक्क माझा होता, काढायचाही माझाच.

चाचा बाकावर बसून होते. म्हणाले, “मंग मी खाऊ काय, ते तं सांग.” आणि आई, माझ्या तोंडून तुझंच निघालं, “काल काय काय खाल्लं?” त्यांनी सगळं सांगितलं, चहापासून. मग मी विचारलं, “कोणासंग?” त्यांनी रिपोर्टची घडी करून पिशवीत घातली.

“एकटाच. माह्या डाळीत मीठ नसते, तं घरचे माही थाळी आधीच सरकवून देतात.”

हे मी त्याच फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करनं लिहून राह्यले. पलटी मारली की तू. कोणत्या पाकिटात मावणार, आणि पत्ता कोणता घालू. गुंडाळून कपाटावर टाकीन. सोमवारी चाचांना घेऊन यवतमाळला जातेय, तुझ्या खुर्चीवर आता दुसऱ्या मॅडम बसतात म्हणे.

कारण चाचा थाळीचं बोलले आणि माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला पुढचं येत नव्हतं. शाळा सुटल्यावर मी दवाखान्यातल्या तुझ्या खोलीत येऊन बसायचे ना, तू तो ‘कोणासंग’चा प्रश्न विचारलास की मी कँटीनकडे समोशाला पळायचे. उत्तर ऐकून तू काय म्हणायचीस, ते मी एकदाही थांबून ऐकलं नाही.