हाक दिलती का?

आबा, परवा मी फौजेतल्या माझ्या त्या दोस्ताच्या आईकडे जाऊन आलो. तुम्ही असतात तर आधी चहा पिऊ दिला असता, मग तंबाखू मळत, माझ्याकडे न बघताच विचारलं असतं, "बोललास का?" बोललो, आबा. अठरा वर्षं लागली, पण बोललो. तुमच्यामुळेच जमलं, म्हणून हे लिहायला बसलोय. मेंढरं राखणाऱ्या माणसाला त्याच्या पोराने कागद लिहावा, हे तुम्हाला भलतंच वाटलं असतं म्हणा.

आपल्या घरात एक कायदा होता. मेंढरू हरवलं तर कुठे हरवलं, कसं हरवलं, हे तुम्ही कधी विचारलं नाही. एवढंच विचारायचात, "हाक दिलती का?" हाक दिली आणि नाही आलं, तर ते लांडग्याचं. हाकच दिली नाही, तर ते तुझं. तुमची ती हाक, जीभ टाळूला लावून लांब ओढलेली, अख्ख्या माळावर ऐकू जायची. मी पाचवीत असताना पाटोद्याच्या रस्त्याकडेला एक कोकरू माझ्याकडून मागे राहिलं. घसा बसलाय, हाक देता आली नाही, असं मी सांगितलं. तुम्ही एक थोबाडीत ठेवून दिलीत. मग आईला हळद घालून दूध तापवायला लावलंत आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोरून हलला नाहीत.

फौजेत गेल्यावर कळलं की तिथे लढाईला लढाई कुणीच म्हणत नाही. ज्याच्या घरी जे असेल ते त्याच्या तोंडी येतं. कोकणातला एक जण, वरून गोळे पडायला लागले की म्हणायचा, नारळ उतरवायला घेतले रे. माझा दोस्त आपल्याच जिल्ह्यातला, लिंबागणेशच्या जवळचा, ऊसतोडीवरच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये वाढलेला. पहाटे तोफा सुरू झाल्या की सगळ्यांच्या आधी बूट चढवून तो ओरडायचा, "उठा बे, मुकादमानं हाळी दिली!" आम्ही हसायचो. तोफेपेक्षा मुकादम बरा, त्याला शिव्या तरी देता येतात. मी मात्र मेंढरांचं काही बोलायचो नाही. ते घरचं आहे, इथे कशाला, असं वाटायचं.

मग ती गस्त. आम्ही सहा जण निघालो होतो. धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसत नाही. वरून गोळीबार सुरू झाला आणि आवाज न करता खडकाखाली सरकायचा हुकूम आला. सरकलो. मोजले तर पाच. सहावा माझा दोस्त, तो माझ्या मागेच होता. हाक मारावी तर वरचे त्या आवाजावरच गोळ्या घालणार. मी ओठ दाबून बसलो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचं प्रेत खाली आणलं.

सुट्टीवर आलो तेव्हा मी बोलत नव्हतो, जेवत नव्हतो. आई रडायची. तुम्ही काही न विचारता मला रोज मेंढरांमागे घेऊन जायचात. चौथ्या दिवशी बाभळीखाली भाकरी सोडताना विचारलंत, "किती जण गेलते?"

"सहा."

"किती आले?"

"पाच."

"हाक दिलती का?"

"दिलती," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघत हातातली भाकरी खाली ठेवलीत. मग सांगायला लागलात. "मी तुझ्या वयाचा असताना बालाघाटातल्या दरीत एक म्हातारी मेंढी मागं राहिली. वर लांडगे बसलेले. हाक दिली असती तर सगळा कळप आवाजाकडं वळला असता, पार त्यांच्या तोंडात. म्हणून न्हाई दिली."

"अन् कायदा?"

"कायदा माळावरचा हाय, गड्या. दरीत चालंलच असं न्हाई." एवढं बोलून तुम्ही कांदा फोडलात. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तुमच्या तेराव्याला मी चुलत्याला त्या मेंढीबद्दल विचारलं. तो हसायलाच लागला. "कुठली मेंढी? तुझा बा हाक दिल्याबिगर पाऊल टाकायचा न्हाई. असलं काय झालंच न्हाई." मी मांडवामागे जाऊन रडलो. माझी थाप तुम्ही ओळखली होती, आणि मला खोटा न पाडता स्वतःच खोटं बोलला होतात. जन्मभर पाळलेला कायदा माझ्यासाठी मोडलात, तोही न घडलेल्या गोष्टीत. एवढं मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही, आबा.

त्याच्या आईला मात्र मी टाळत आलो. बाजारात दिसली की गल्ली बदलायचो. परवा गेलो तर ती ओसरीवर लसूण सोलत होती. तिला तुमची मेंढीच सांगायची, असं मनाशी ठरवून गेलो होतो. तिने विचारलं, "तो मागं राहिला तवा त्याला कुणी हाक मारलती का, लेकरा?" आणि मेंढी काही तोंडातून निघेना. म्हणालो, "न्हाई, मावशी. सगळ्यात जवळ मीच होतो. मी न्हाई मारली." का नाही, तेही सांगितलं. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "मारली असती तरी काय उपेग? मुकादमाच्या पहिल्या हाळीला तो कधी उठला न्हाई. मलाच पांघरूण वढावं लागायचं." तिथे सगळ्यांना उठवायचा तो, हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वासच बसेना. हसली, मग पदर डोळ्याला लावला. निघताना म्हणाली, "येत जा."

हा कागद कुठे टाकायचा नाही, फौजेच्या ट्रंकेत राहील. येताना मी गाडी माळावर थांबवली आणि त्याच्या नावाने तुमची हाक दिली. आवाज फाटला. रस्त्याने माणसं जात होती, वळून बघत होती, तरी दिली. आणि एक राहिलंच. पाचवीत माझा घसा बसला नव्हता, आबा. रस्त्यावर शाळेतली पोरं उभी होती, आणि त्यांच्यासमोर मेंढरांना हाक द्यायची मला लाज वाटली. दूध मी उगाच प्यालो.