मतदानाच्या दिवशी चालू राहिलेलं घड्याळ

बॅलिनाकारा, परगणा रॉसकॉमन
११ जुलै १९५५

प्रिय कोलमन भावोजींना अट्रॅक्टा वहिनीचा नमस्कार. पवित्र मातेच्या कृपेने इकडे मुलं खुशाल आहेत.

बॉस्टनहून पाठवलेलं पार्सल शनिवारी पोचलं. आईंसाठी लोकरीची शाल एक, चहा दोन पौंड, पीचचा डबा एक, तो चेपलेला. जकात साडेचार शिलिंग पडली, ती घरखर्चातून भरली. आई गेल्याची तार तुम्हाला मिळालीच आहे. शाल मठातल्या नन्सना दिली. इथे ती कुणी अंगावर घेतली नसती.

तुमचे बंधू निवडून आले, परगणा कौन्सिलचे अध्यक्षही झाले. बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शवपेट्यांचा धंदाही बरा चाललाय. आईंच्या अंत्ययात्रेला बिशपसाहेबांनी माणूस पाठवला होता.

ऑगस्टमध्ये येतो, आईला जीव जाण्याआधीचं शेवटचं तेल लावणाऱ्या फादरांचे आभार मानायचेत, असं तुम्ही लिहिलंत.

आई गेल्या तो मतदानाचा गुरुवार. सकाळीच त्यांचा श्वास अडकू लागला. फादरांना बोलाव म्हणाल्या. मी कोट घातला, तर हे दारात उभे.

"फादर आत शिरताना दिसले की संपलं. बार बंद, मतदारांना नेणाऱ्या गाड्या बंद, माझी सगळी माणसं जपमाळा घेऊन इथे गुडघ्यावर. रात्री मतपेट्या बंद होईपर्यंत धर तिला."

"धरू? त्या काय वासरू आहेत?"

"तोंड आवर. आणि पडदे उघडे ठेव, लोक बघतात."

भावोजी, वीस वर्षं हा माणूस परक्यांच्या प्रत्येक मयताला सगळ्यांच्या आधी हजर. त्यावरच तर मतं मिळवली.

आई विचारत राहिल्या, "आले का गं?" मी म्हणत राहिले, "वाटेत आहेत." दुपारी गेल्या. मयताच्या घरी थांबवतात तसं मी घड्याळ थांबवलं नाही. खिडकी उघडली नाही, आरशावर कपडा टाकला नाही. शेजारीण अंडी घेऊन आली, तिला म्हटलं, झोपल्यात. संध्याकाळी त्यांचं मतही पडलं. कुणी टाकलं ते विचारू नका.

रात्री फादर आले. कपाळाला हात लावून म्हणाले, "अट्रॅक्टा, या तर गार पडल्यात."

हे म्हणाले, "आईचं अंग नेहमीच गार असायचं, फादर."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. अजून जीव आहे, अशी मी मान डोलावली. मग त्यांनी तेल लावलं.

तुम्ही आलात तर विचाराल, आणि मी पुन्हा खोटं बोलेन. मुलांना याच छताखाली जेवायचंय. माझ्या आत्म्यावर आहे तेवढं पुरे.

आईंच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा तिकडेच सांगा. कारण सांगू नका. हे पत्र वाचून चुलीत घाला. आणि येत नाही, एवढंच यांच्या नावे उलट टपाली कळवा.

त्या दिवशी आईंजवळ एकटीच असलेली,
अट्रॅक्टा